वहीवाल्या सिस्टर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं टॉर्की हे हवापालटाला जायचं गाव. अगाथा ख्रिस्तीचा जन्म इथलाच. पहिल्या महायुद्धात इथल्या युद्धकालीन इस्पितळाच्या औषधशाळेत काम करताना तिची विषांशी ओळख झाली आणि पुढे अनेक कादंबऱ्यांना ती पुरली. वैद्यकाच्या इतिहासात मात्र टॉर्कीचं नाव वेगळ्याच कारणाने येतं. १९५९ साली तिथल्या टॉर्बे हॉस्पिटलने मिस ई. एम. कॉट्रेल यांना एक नवं पद दिलं. शस्त्रक्रियागृहाची व्यवस्था पाहण्यात मुरलेल्या या सिस्टर आता 'इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर' झाल्या. अशा प्रकारची जगातली ही पहिली नेमणूक मानली जाते.

पद तसं चमत्कारिकच. हाताखाली वॉर्ड नाही, अंगावर रुग्णांची शुश्रूषा नाही, कुणाला हुकूम देण्याचा अधिकार तर नाहीच. वॉर्डावॉर्डांतून फिरायचं, कुणाची जखम चिघळली, कुठल्या बाळाच्या अंगावर फोड आले, कुठल्या नर्सच्या बोटाला नखुरडं झालं हे पाहायचं, लिहायचं आणि प्रयोगशाळेच्या अहवालाशी ताडून बघायचं. आज मुंबई-पुण्याच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात हे काम करणाऱ्या सिस्टर दिसतात. त्या राऊंडला निघाल्या की वॉर्डातल्या मावशींपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळेच जरा सावरून उभे राहतात.

पण असं कुणीतरी हवं, हे आकड्यांनी सिद्ध झालं होतं १८४७ साली. मग मधल्या ११२ वर्षांत काय झालं?

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कुठल्या बाईला कुठे घ्यायचं ते वारावर ठरे. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका दगावल्या. दुसऱ्यात ३७५४ बाळंतपणांमागे १०५ मृत्यू झाले. एकीकडे शेकडा अकरांहून जास्त, दुसरीकडे तीनांहूनही कमी. गावातल्या गोरगरीब बायकांना हा फरक डॉक्टरांच्या आधी कळला होता. पहिल्या विभागाचा वार निघाला की त्या हातापाया पडत. काही जणी रस्त्यातच बाळंत होऊन मग दाखल होत, आणि गंमत म्हणजे रस्त्यात बाळंत झालेल्यांना बाळंतज्वर क्वचितच होई.

इग्नाझ सेमेलवाइस हे तिथले तरुण सहायक डॉक्टर. त्यांनी एकेक कारण घेऊन ते खोडायला सुरुवात केली. हवा म्हणावी तर दोन्हीकडे सारखीच. गर्दी म्हणावी तर बायका दुसऱ्या विभागाकडे धावत असल्याने तीही तिकडेच जास्त. मरणाऱ्या बाईसाठी येणारा पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातून जातो, त्या धास्तीने बायका मरतात, असंही कुणी सुचवलं होतं. सेमेलवाइस यांनी पाद्र्याची वाट बदलली, घंटा बंद केली; मृत्यू तसेच. मग मार्च १८४७ मध्ये त्यांचे मित्र याकोब कोलेट्श्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीचं टोक लागून वारले. त्यांच्या शवविच्छेदनात दिसलेल्या खुणा बाळंतज्वराने गेलेल्या बायकांसारख्याच होत्या. विद्यार्थी सकाळी प्रेतं फाडत आणि तेच हात घेऊन प्रसूतिगृहात येत. सुइणींचा प्रेतांशी संबंधच नव्हता.

मेपासून दाराशी क्लोरीनच्या पाण्याचं भांडं आलं. एप्रिलमध्ये शेकडा अठरावर गेलेलं मृत्यूंचं प्रमाण जूनमध्ये सव्वादोनच्या आसपास आलं. ही गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. तिचा पुढचा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाने जखम सडलेली एक बाई ओळीतल्या पहिल्या खाटेवर होती. डॉक्टरांनी तिला तपासलं, नुसत्या साबणाने हात धुतले आणि पुढच्या खाटांकडे वळले. त्या बारा बायकांपैकी अकरा गेल्या. तेव्हा कुठे लक्षात आलं की प्रेताचाच नव्हे तर जिवंत माणसाचाही पू हातावरून पुढे जातो आणि दोन खाटांच्या मध्येसुद्धा क्लोरीनने हात धुवावे लागतात. आज रुग्णालयांत जे तक्ते भिंतीला चिकटवलेले असतात त्यांतला निम्मा मजकूर या एका ओळीतल्या बारा खाटांनी शिकवलेला आहे.

सेमेलवाइस यांचा स्वभाव तापट होता. विरोधकांना ते खुनी म्हणत आणि आपलं म्हणणं नीट लिहून छापायला त्यांना १८६१ साल उजाडलं. १८४९ मध्ये त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. ते व्हिएन्ना सोडून गेल्यावर तिथे हात धुण्यावर डोळा ठेवणारं कुणी उरलं नाही. भांडं होतं, नियम होता, आकडे होते. पण हे सगळं एका माणसाच्या हट्टावर उभं होतं. १३ ऑगस्ट १८६५ रोजी वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळूनच, त्यांचा अंत झाला. आदल्याच दिवशी ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली होती. तो मुलगा पाय न गमावता घरी गेला.

त्या काळी रुग्णालय म्हणजे काय चीज होती हे एडिंबराच्या जेम्स यंग सिम्प्सन यांच्या हिशेबावरून कळतं. हात किंवा पाय कापलेल्या हजारो रुग्णांची माहिती त्यांनी गोळा केली आणि १८६९ मध्ये मांडली. मोठ्या रुग्णालयांत शेकडा ४१ दगावले होते. खेड्यापाड्यांत, स्वतःच्या घरात, बहुधा स्वयंपाकघरातल्या टेबलावर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दगावले शेकडा ११. सिम्प्सन यांचा लिस्टरवर विश्वास नव्हता. त्यांच्या मते मोठी रुग्णालयं पाडून लहान लहान झोपड्या बांधाव्यात. उपाय काहीही असो, मोजणी पक्की होती.

लिस्टर जिंकले. कार्बोलिकमागून वाफेवर निर्जंतुक केलेली अवजारं आली, रबरी हातमोजे आले, मुखपट्टी आली. प्रत्येक वेळी डॉक्टरांना वाटलं की आता प्रश्न मिटला. इथेच ती ११२ वर्षं गेली. प्रत्येक पिढीला नवा द्राव सापडला, नवं यंत्र सापडलं, पुढे नवं औषधही सापडलं. पण ते रोज, प्रत्येक खाटेपाशी, नीट वापरलं जातंय का हे बघायला माणूस नेमायचं कुणाला सुचलं नाही.

असा माणूस नसला की काय होतं, याचं एक उदाहरण थेट परळशी जोडलेलं आहे. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या साथीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये तिचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती: क्रमांक ५३-एन.

चौकशी आयोगावर मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते. आयोगाने ठपका ठेवला परळवर. उत्पादन वेगाने व्हावं म्हणून हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक घालणं सोडून उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली होती, तीच नडली असं ठरलं. हाफकिन पदावरून दूर झाले. पण कागदपत्रांत आणखी एक नोंद होती. बाटलीचं बूच काढताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकमध्ये नुसता खळबळून घेतला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली आधीपासून दूषित असती तर तिला घाण वास आला असता. डॉक्टरांनी उघडताना ती हुंगली होती आणि तसा वास नव्हता. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून नीट वाचली जायला पाच वर्षं लागली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून बाजू मांडली, तेव्हा हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. एका मोठ्या शास्त्रज्ञाची कारकीर्द मोडली होती आणि कारण होतं गावच्या धुळीत पडलेला एक चिमटा. आजच्या सिस्टर अशा घटनेत पहिला प्रश्न 'दोष कुणाचा' हा विचारत नाहीत. बाटली कुणी उघडली, कशाने उघडली, आधी काय झालं, नंतर काय झालं, याचा क्रम त्या आधी लिहून घेतात.

मग आलं पेनिसिलिन, आणि सगळेच निर्धास्त झाले. तो निर्धास्तपणा फार टिकला नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये मेरी बार्बर यांनी पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर नजर ठेवली होती. १९४६ मध्ये त्यांतले शेकडा १४ पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४७ मध्ये तो आकडा ३८ वर गेला आणि १९४८ मध्ये ५९ वर. पन्नाशीच्या दशकात याच जंतूचा '८०/८१' नावाने ओळखला जाणारा एक प्रकार ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंतच्या रुग्णालयांत पसरला. नवजात बाळांना फोड येत, आयांच्या स्तनांत गळू होत, घरी गेल्यावर अख्ख्या कुटुंबाला लागण होई. जंतू बसलेला असे नर्स-डॉक्टरांच्या नाकात, आणि त्यांना स्वतःला काहीच त्रास नसे.

ब्रिटनमध्ये संसर्ग नियंत्रणासाठी अधिकारी नेमावा अशी शिफारस युद्धकाळातच झाली होती. प्रत्यक्षात ते काम एखाद्या पॅथॉलॉजिस्टकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून यायचं. सरकारी कचेरीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना या दोन शब्दांचा अर्थ समजावायला नको. टॉर्बेच्या प्रश्नात लक्ष घालणारे ब्रेंडन मूर हे एक्सिटरच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेचे प्रमुख. प्रयोगशाळेत बसून त्यांना दिसत होतं ते फक्त तिथवर पोचलेल्या नमुन्यांपुरतं. ज्या जखमेचा स्वॅब कुणी पाठवलाच नाही, ती त्यांच्या लेखी नव्हतीच. ती जखम बघायला वॉर्डातच माणूस हवा होता, आणि तोही असा की ज्याला ड्रेसिंग उघडताना बघून कळेल काय चुकतंय.

कॉट्रेलबाईंकडे नेमकी ही नजर होती. शस्त्रक्रियागृहात आयुष्य गेलेल्या सिस्टरला अवजार कुणी कुठे टेकवलं हे न बघता कळतं. त्या रोज फिरत. वॉर्डच्या सिस्टर त्यांना जे सांगत ते डॉक्टरांना सांगितलं गेलं नसतं, आणि लेखी फॉर्ममध्ये तर मुळीच आलं नसतं. गळू झालेली नर्स रजा कापली जाईल म्हणून बोट लपवते हे दुसऱ्या नर्सलाच कळतं. १९६२ मध्ये मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये या प्रयोगाचा अहवाल दिला आणि इतर रुग्णालयांनीही असं पद निर्माण करायला सुरुवात केली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या रुग्णालयाने १९६३ मध्ये आपली पहिली नर्स या कामावर नेमली.

आता प्रश्न हिशेबनिसांचा होता. या सिस्टरांना पगार द्यायचा, पण त्यांनी वाचवलेला माणूस दाखवता येत नाही. जो आजारी पडलाच नाही त्याचा केसपेपर कुठून आणणार? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सत्तरच्या दशकात ३३८ रुग्णालयांचा प्रचंड अभ्यास हाती घेतला. रॉबर्ट हेली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये निष्कर्ष छापले. जिथे नीट मोजणी होती, दर २५० खाटांमागे एक पूर्णवेळ संसर्ग नियंत्रण नर्स होती, या विषयातला डॉक्टर होता आणि प्रत्येक सर्जनला त्याच्या स्वतःच्या रुग्णांतलं संसर्गाचं प्रमाण कळवलं जात होतं, तिथे संसर्ग शेकडा ३२ ने घटले होते. जिथे यांतलं काहीच नव्हतं तिथे ते शेकडा १८ ने वाढले होते.

त्यातली सर्जनला आकडा कळवण्याची अट मोठी मजेशीर आहे. कॅनडात कॅल्गरी इथे पीटर क्रूज यांनी हेच केलं होतं. दहा वर्षांत ६२,९३९ जखमा, आणि त्यांवर नजर ठेवायला एक नर्स. दर महिन्याला प्रत्येक सर्जनला त्याचा आकडा जाई, सोबत सगळ्यांची सरासरी. ना नोटीस, ना दंड. स्वच्छ शस्त्रक्रियांतले संसर्ग तेवढ्यानेच उतरत गेले. शेजाऱ्याच्या मुलाचे मार्क कळले की आपल्या घरात जे होतं, ते शस्त्रक्रियागृहातही होतं.

अधिकाराचा प्रश्न सुटायला मात्र नवं शतक उजाडलं. २००३ पासून मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच कलमांची यादी लागू केली: हात धुणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, रुग्णाला पूर्ण चादरीने झाकणं, शक्यतो जांघेची शीर टाळणं, गरज संपताच नळी काढणं. पाचांतलं एकही नवीन नव्हतं. नवीन होती ती परवानगी. डॉक्टरने एखादं कलम गाळलं तर नर्सने त्याला थांबवायचं, आणि व्यवस्थापनाने नर्सच्या पाठीशी राहायचं. दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ असलेले रक्तातले संसर्ग दीड वर्षात १.४ वर आले.

जिनिव्हात डिडिये पिटे यांनी त्याआधीच वेगळी वाट धरली होती. त्यांनी अतिदक्षता विभागातल्या नर्सचे हात तासाला किती वेळा स्वच्छ व्हायला हवेत हे मोजलं, तर आकडा वीसच्या वर गेला. प्रत्येक वेळी बेसिनपर्यंत जाऊन साबणाने धुवायचं तर रुग्णाकडे बघणार कोण? दोष नर्सच्या आळसाचा नव्हताच, बेसिनच्या अंतराचा होता. मग प्रत्येक खाटेशी आणि प्रत्येक खिशात अल्कोहोलच्या द्रावाची बाटली आली. १९९४ ते १९९७ मध्ये हात स्वच्छ करण्याचं प्रमाण शेकडा ४८ वरून ६६ वर गेलं आणि रुग्णालयात लागलेल्या संसर्गांचं प्रमाण १६.९ वरून ९.९ वर आलं. करोनात आपल्या किराणा दुकानाच्या काउंटरवर जी बाटली दिसायची, तिची वंशावळ अशी जिनिव्हाच्या वॉर्डात निघते.

भारतात हे पद रुळलं ते उशिरा. १९९८ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी पहिल्यांदा रुग्णालयांना या विषयावर कागद ठेवायला लावलं. पुढे रुग्णालयांच्या एनएबीएच मानांकनासाठी संसर्ग नियंत्रणाचं वेगळं प्रकरणच आलं आणि 'आयसीएन', म्हणजे इन्फेक्शन कंट्रोल नर्स, हा शब्द नर्सिंगच्या ड्युटी-चार्टवर दिसू लागला. २०१० मध्ये 'नवी दिल्ली'चं नाव दिलेल्या एनडीएम-१ या प्रतिरोधक विकरावरून देशात मोठा गदारोळ झाला. त्या गदारोळाच्या काही महिने आधी, मार्चमध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आपली मोजणी छापली होती: कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकांना न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये तोच विकर. नावावरून भांडणारे पुष्कळ निघाले. माहीमच्या प्रयोगशाळेतला हा आकडा फार थोड्यांच्या वाचनात आला.

या सिस्टरांचा राऊंड एकदा बघण्यासारखा असतो. सलाईनच्या सुईवर चिकटपट्टी आहे, पण तिच्यावर तारीख लिहिली आहे का? लघवीची पिशवी खाटेच्या दांडीला टांगली आहे की जमिनीला टेकली आहे? सुयांचा पांढरा डबा पाऊण भरला तरी बदललेला का नाही? लाल पिशवीत जायची नळी पिवळ्या पिशवीत कुणी टाकली? मावशी फरशी पुसताना एकच पाणी दोन खोल्यांना वापरतात का? आणि रोज ठरलेल्या वेळी एक शिरगणती: आज वॉर्डात किती जणांना लघवीची नळी आहे. समजा महिनाभराची बेरीज ४५० झाली आणि तेवढ्यात तीन जणांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर दर हजारी दर निघतो ६.६७. तीनच रुग्ण म्हणून सोडून देणाऱ्या डॉक्टरला या दशांश चिन्हापुढे दोन मिनिटं थांबावं लागतं. सुई टोचून घेतलेल्या ब्रदरला मागच्या दाराने घरी न पाठवता त्याची नोंद करून घेणं आणि वेळेत औषध सुरू करणं हेही त्यांच्याचकडे.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईतलं एक मोठं खासगी रुग्णालय महापालिकेला बंद करावं लागलं, कारण तिथल्या परिचारिकांनाच मोठ्या संख्येने करोना झाला होता. त्या काही महिन्यांत संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांना एकाएकी भाव आला. पीपीई कसं चढवायचं यापेक्षा ते कसं उतरवायचं हे शिकवणं अवघड असतं, हे तोवर त्यांनाच ठाऊक होतं. लाट ओसरल्यावर अनेक ठिकाणी त्यांना पुन्हा वॉर्डच्या ड्युट्या लागल्या. माणसं कमी पडली की आधी मोजणाराच उचलला जातो, ही तक्रार कुठल्याही शहरात ऐकायला मिळेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येही किमान प्रमाण ठरवलं ते २५० खाटांमागे एक, म्हणजे १९८५ चंच. आपल्याकडे मात्र तालुक्याच्या गावी बहुतेक शस्त्रक्रिया होतात वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये. तिथे असं स्वतंत्र पद परवडत नाही. मोजणी झालीच तर ती थिएटर सांभाळणाऱ्या सिस्टरच करतात. शिवाय रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो, टाके पिकतात ते नंतर. नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेच्या जखमेवर ३० दिवस लक्ष ठेवायचं असतं, आत रोपण बसवलं असेल तर ९० दिवस. त्यामुळे चांगल्या ठिकाणच्या सिस्टर तिसाव्या दिवशी फोन करतात: जागा लाल झाली का, पाणी येतं का, ताप आला का, मध्ये दुसऱ्या कुणाला दाखवलं का. शेवटच्या प्रश्नाला बरेच जण आधी 'नाही' म्हणतात, आपल्या डॉक्टरांना राग येईल म्हणून. अनुभवी सिस्टर मग विचारतात की घरात सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, पाकिटावरचं नाव जरा वाचून दाखवा. पलीकडून अँटिबायोटिकचं नाव अडखळत वाचलं जातं आणि वहीतला 'नाही' खोडून तिथे 'हो' लिहावं लागतं.